पंच मारून पळालेलं पेट्रोल

गणराज गिराम चाकणला एका कंपनीच्या गेटवर असतो. नुसतं ‘गेटवर’ म्हटलेलं त्याला आवडत नाही. तो सिक्युरिटी सुपरवायझर आहे. त्याच्या ताब्यात तीन गार्ड, एक शिट्टी आणि दोन दारं आहेत. एक दार आत यायचं, एक बाहेर जायचं. दुपारी साडेतीनला पहिली शिफ्ट सुटते आणि दुसरी भरते, तेव्हा त्या दोन दारांतून सात-आठशे माणसं इकडची तिकडे होतात. आपण शिट्टी वाजवली नाही तर ती सगळी एकमेकांत अडकून तिथंच म्हातारी होतील, अशी गणराजची बारा वर्षांची समजूत आहे. माणूस तसा गुणी. व्यसन नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. फक्त एखादी गोष्ट आपल्याला कळली असं त्याला एकदा वाटलं, की ब्रह्मदेव खाली उतरून समजवायला लागला तरी त्यालाही हा रजिस्टरमध्ये सही करायला लावून परत पाठवील.

मूळचा तो परभणीकडचा. राहतो पिंपळे गुरवला, दोन खोल्यांत. घरी बायको वर्षाली, शाळेत जाणारी एक लेक आणि जिन्याखाली एक सात वर्षं जुनी, काळी, जडशीळ मोटारसायकल. यातल्या मोटारसायकलीवर त्याचा जीव जास्त आहे असं वर्षाली म्हणते. तो ते खोडून काढत नाही, नुसता टाकी पुसत राहतो.

वर्षालीही चाकणलाच कामाला जाते, पण दुसऱ्या कंपनीत. लग्नाला नऊ वर्षं झाली. तिच्या कंपनीत बुधवारी मिसळ असते, शनिवारी शिरा असतो, बस नाशिक फाट्यावर सहा वीसला येते, सरूबाई नावाच्या तिच्या मैत्रिणीचं गुडघ्याचं दुखणं कोणत्या डॉक्टरनं बरं केलं आणि कोणत्या डॉक्टरनं वाढवलं, हे सगळं गणराजला पाठ होतं. ती तिथं ‘ग्राइंडिंगला’ आहे हेही त्याला माहीत होतं. ग्राइंडिंग म्हणजे काहीतरी घासायचं. काय घासते, हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. विचारायला नऊ वर्षं हा काही फार मोठा काळ नव्हे.

आता गणराजचं खरं दुखणं सांगतो. दुखणं होतं पुनावळ्याला, आणि त्याचं नाव उद्धवराव. हे त्याचे सासरे. पुनावळ्याचे जुने गावकरी, आवाज असा की हायवेवरचा ट्रक ब्रेक लावील. त्यांनी लेक दिली, मानपान केलं, दिवाळीला कपडे केले, पण नऊ वर्षांत गणराजला एकदाही ‘जावईबापू’ म्हणून हाक मारली नाही. ‘गेटवाले’ म्हणायचे. “या गेटवाले.” “जेवा गेटवाले.” घरी सत्यनारायण असला की चपला सांभाळायचं काम न सांगता गणराजकडे यायचं, आणि सवयीनं तो चपलांच्या दोन रांगा लावायचा, येणाऱ्यांची वेगळी, जाणाऱ्यांची वेगळी. वर्षाली हसायची. त्याला मात्र ते लागायचं. ‘जावईबापू’ एवढा एक शब्द कानावर पडावा, चारचौघांत पडावा, यापलीकडे या माणसाचं आयुष्यात फारसं मागणं नव्हतं.

तशात वर्षालीचा धाकटा भाऊ ज्ञानेश याचं लग्न ठरलं. ज्ञानेश हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करतो, हुशार आहे, पण घोड्याला भितो. लहानपणी जत्रेत एका घोड्यानं त्याच्या डोक्यावरची टोपी खाल्ली होती, आणि ती खाताना घोडा आपल्याकडे कसा बघत होता ते तो अजून सांगतो. लग्नाच्या बैठकीत प्रश्न निघाला. सकाळी मारुतीच्या देवळापासून कार्यालयापर्यंत नवरदेवाचा परण्या निघणार, संध्याकाळी नवरा-नवरीची वरात घरी येणार; घोडा नाही तर बसायचं कशावर? सगळे विचारात पडले आणि तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, “माझी गाडी आहे की!”

उद्धवरावांनी मान वळवली. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी गणराजकडे पूर्ण बघितलं. “शब्द देताय का, गेटवाले?”

“दिला,” गणराज म्हणाला. इथून पुढं जे झालं ते या एका शब्दामुळं झालं.

गाडी चांगली होती, पण साधी होती. उभी असली की टुकटुक टुकटुक करायची, चक्कीवर दळण पडल्यासारखी. परण्यात नवरदेव बसणार तर गाडीचा आवाज कसा हवा? गणराजनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक परदेशी गाडी जागेवर उभी होती आणि धड… धडाड्… धड… असा अडखळत, गुरगुरत श्वास घेत होती. गणराजच्या अंगावर काटा आला. खाली लिहिलं होतं, हा आवाज परफॉर्मन्स कॅमचा, मोठ्या ओव्हरलॅपचा.

झालं. तीन महिने दुसरा विषय नाही. गार्डांना चहा पाजून पाजून त्यानं त्यांना शिकवलं, की इंजिनाच्या डोक्यात एक दांडा फिरतो, त्यावर अंड्याच्या टोकासारखे उंचवटे असतात. एक उंचवटा पेट्रोल-हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडतो, दुसरा धूर बाहेर सोडणारा. या दांड्याचं नाव कॅम. धुराचा व्हॉल्व्ह पुरता मिटायच्या आधीच आत घ्यायचा उघडतो, म्हणजे क्षणभर दोन्ही उघडे. तेच ओव्हरलॅप, आणि ते अंशांत मोजतात. हे सगळं त्यानं गेटच्या जुन्या व्हिजिटर रजिस्टरमध्ये उतरवलं होतं. नावाच्या रकान्यात कॅमचं नाव, ‘आत यायची वेळ’ आणि ‘बाहेर जायची वेळ’ या रकान्यांत व्हॉल्व्ह कधी उघडतो, कधी मिटतो. ‘कोणाला भेटायचे’ या रकान्यात तो प्रामाणिकपणे ‘पिस्टन’ लिहायचा.

पाठांतर चोख होतं. अर्थ तेवढा लागला नव्हता.

वर्षालीनं तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा ती म्हणाली, “अहो, कॅम ना? मी रोज…” तेवढ्यात त्यानं हात वर केला, कारण व्हिडिओतला गोरा काहीतरी महत्त्वाचं सांगत होता. दुसऱ्यांदा भाकरी थापता थापता तिनं सुरुवात केली, “आमच्या कंपनीत ना…” तो म्हणाला, “मिसळीचं नंतर सांग.” तिसऱ्यांदा तिनं फक्त एक प्रश्न विचारला. “गाडी चालणार कुठं?”

“म्हणजे?”

“म्हणजे किती वेगानं चालणार? कॅम त्यावरून घेतात. आवाजावरून नाही.”

गणराज मायेनं हसला. “वर्षा, यात फार खोल गणित असतं. तुला नाही कळायचं.”

वर्षालीनं तव्यावरची भाकरी उलटली. तिला राग आला होता, आणि राग आला की ती बोलत नाही. पडेल तेव्हा कळेल, असं तिनं मनात ठरवलं. पण पडणार होता तो तिच्या भावाच्या लग्नात, म्हणून तिनं मनातच आणखीही काहीतरी ठरवलं.

विकणाऱ्याच्या यादीत तीन कॅम होते. पहिला शहरासाठी, दुसरा लांबच्या प्रवासासाठी, तिसरा शर्यतीच्या मैदानासाठी. पहिल्याचा ओव्हरलॅप अठ्ठावीस अंश, दुसऱ्याचा पंचेचाळीस, तिसऱ्याचा चौऱ्याहत्तर. दहावीला गणराजला अठ्ठेचाळीस टक्के पडले होते. चौऱ्याहत्तर दिसल्यावर तो पुढचं काही वाचेना. फॉर्मवर विचारलं होतं, ‘गाडी बहुतेक वेळ कोणत्या वेगाने चालते?’ त्यानं लिहिलं, एकशे वीस. वास्तविक पिंपळे गुरव ते चाकण या रस्त्यावर त्याच्या गाडीचा काटा कित्येक वर्षांत साठच्या पुढं गेला नव्हता, आणि चाकणच्या चौकात तर तो शून्यावरच मुक्कामाला असायचा. पण फॉर्मवर खरं कोण लिहितं?

कॅम आला. गल्लीच्या तोंडाशी सयाजी मेकॅनिकचं गॅरेज आहे, तिथं तो बसवला. सयाजी म्हणाला, “भाऊ, हा घोडा पळायचा आहे, चालायचा नाही.” गणराज म्हणाला, “तू बसव.” जुना कॅम सयाजी भंगाराच्या डब्यात टाकणार, तेवढ्यात कामावरून येता येता वर्षाली तिथं थांबली. तो तिनं मागून घेतला, ओढणीच्या टोकानं पुसला, उजेडाकडे धरून गोल फिरवून बघितला आणि पिशवीत टाकला. “कशाला गं?” गणराजनं विचारलं. “खलबत्त्याला होईल,” ती म्हणाली.

गाडी सुरू झाली तेव्हा सगळी गल्ली बाहेर आली. धड… धडाड्… धड… फाट्! दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी रेडिओ बंद केला. गणराजचे डोळे पाणावले. फक्त हात ॲक्सिलरेटरवरून काढला की गाडी बंद पडायची. सयाजीनं स्क्रू पिळून तो प्रकार कसाबसा झाकला. चाकणच्या चौकात गाडी सात वेळा बंद पडली आणि सगळ्या पीएमपी बसचालकांनी त्याला नावानिशी नसलं तरी इतर सर्व प्रकारे ओळखायला सुरुवात केली. “नवीन आहे, रुळेल,” असं गणराज म्हणायचा. नव्या सुनेबद्दल बोलावं तसं बोलायचा.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त बारा एकवीसचा. अकराला मारुतीच्या देवळापुढं बँड उभा राहिला, पोरं नाचायला उभी राहिली, झेंडूच्या माळा घातलेली गाडी उभी राहिली, आणि फेटा-मुंडावळ्या बांधलेला ज्ञानेश तिच्यावर बसला. देवळापासून कार्यालय जेमतेम अर्धा किलोमीटर. नाचत नाचत जायचं, तासभर लावायचा. म्हणजे वेग काय झाला? मुंगीनं ओव्हरटेक करावं इतका.

गाडी दहा फूट गेली आणि बंद पडली. चालू केली, हिसका देऊन पाच फूट गेली, फाट् करून बंद पडली. मुंडावळ्या ज्ञानेशच्या तोंडात गेल्या. पुन्हा चालू. फाट् फाट्! सनईवाला उडाला. मागच्या लोकांना वाटलं आतषबाजी चालू आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. उद्धवराव गाडीच्या पुढं चालत होते, ते वळून म्हणाले, “काय ओ गेटवाले, नवरदेव आणलाय का उखळी तोफ?”

सयाजीला लग्नाचं आमंत्रण होतंच. तो धावत आला आणि ज्ञानेशच्या कानात ओरडला, “पीळ द्या! जोरात पळवली तरच जिवंत राहील ही!” ज्ञानेश कॉम्प्युटरवरचा माणूस, सांगितलेली सूचना शब्दशः पाळणारा. त्यानं पीळ दिला. आणि बसवल्यापासून पहिल्यांदा त्या कॅमला वाटलं, की आपल्याला कोणीतरी समजून घेतलं. गाडी डरकाळी फोडून उठली, बँडवाले दोन्ही बाजूंना पांगले, आणि नवरदेव आपला परण्या मागं टाकून दिसेनासा झाला.

लोक नाचायचे थांबले. बँड थोडा वेळ वाजत राहिला, कारण त्यांना ठरलेल्या वेळेपर्यंत वाजवायचं होतं. “गेला का काय?” कुणीतरी विचारलं. तेवढ्यात मागून आवाज आला. ज्ञानेश सर्व्हिस रोडवरून वळसा घालून परत आला होता. थांबला तर बंद पडणार, हळू केली तर बंद पडणार, म्हणून तो थांबला नाही. आपल्याच परण्याला हात दाखवून पुन्हा पुढं निघून गेला. “वरातीमागून घोडं ऐकलं होतं राव,” एक म्हातारा म्हणाला, “परण्यामागून नवरदेव आजच बघितला.”

तिकडे कार्यालयाच्या दारात नवरीची आई ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. पहिल्या फेरीला जावई समोरून गेला तेव्हा तिनं ताट उचललं. दुसऱ्या फेरीला कुंकवात बोट बुडवून ठेवलं. तिसऱ्या फेरीला त्या माउलीनं पदर खोचला, आणि चौथ्या फेरीला दहा पावलं बरोबर धावत जाऊन धावत्या जावयाला ओवाळलं. कुंकू टाकीला लागलं. शेवटी ज्ञानेशनं हिय्या केला, इंजिन बंद केलं, आणि सहा करवल्यांनी ढकलत ढकलत नवरदेव मांडवात आणला. बारा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती.

अक्षता पडल्या. सगळे हसत होते, नवरी स्नेहल तर अंतरपाटाच्या पलीकडून एवढी हसत होती की भटजी दोनदा थांबले. फक्त गणराज हसत नव्हता. उद्धवराव त्याच्यापाशी आले. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं.

“गेटवाले, खुर्च्यांचा टेंपो सांगून ठिवलाय. सहाला वरात. तवर गाडी गपगुमान चालली तर ठीक. न्हाई तर पोरगं आन सून टेंपोत बसत्याल, आन तुमी मागं फाळका धरून.” एवढं बोलून ते पंगतीकडे गेले.

गणराज कार्यालयाच्या मागं जाऊन बसला, जिथं आचाऱ्यांचे हंडे घासत होते. जेवायचं ताट कुणीतरी आणून दिलं, त्यानं शिवलं नाही. नऊ वर्षांत एक संधी आली होती, आणि तिचं त्यानं आपल्या हातानं वाटोळं केलं होतं. आता मरेपर्यंत गेटवाले. तेरवीलाही म्हणतील, गेटवाले गेले. त्याला खरंच रडू यायला लागलं, आणि त्याच वेळी पैठणीचा पदर खोचत वर्षाली आली. तिच्यामागं हत्यारांची पिशवी घेऊन सयाजी होता, आणि सयाजीच्या काखेत नवरीच्या खोलीतला टेबलफॅन.

“इंजिन गार व्हायला हवं,” वर्षाली म्हणाली. “गरम इंजिनात हात घालायचा नाही.” तिनं आहेराच्या पिशवीतून साडी, खण आणि नारळ बाहेर काढला, आणि त्याखालून तेलकट कागदात गुंडाळलेला जुना कॅम.

गणराज बघतच राहिला. “तू हा लग्नाला घेऊन आलीस?”

“तुम्ही तो लग्नाला घेऊन आलात,” तिनं गाडीकडे बोट दाखवलं, “मग मला हा आणायलाच हवा होता.”

पंख्यापुढं इंजिन गार होईपर्यंत तिनं कॅम मांडीवर धरला. मग म्हणाली, “तुमच्या गेटला दारं किती?”

“दोन.”

“साडेतीनला काय करता?”

या विषयावर गणराजला झोपेतून उठवलं तरी बोलता येतं. “दोन्ही उघडतो. पहिली शिफ्ट बाहेर, दुसरी आत. दहा मिनिटं दोन्ही दारं उघडी.”

“एक पुरतं बंद करून मग दुसरं का उघडत नाही?”

“वेळ जातो ना! आणि सुटलेली माणसं बस पकडायला धावतात, त्या लोंढ्यानं पार्किंग, जिना, सगळं मोकळं होतं. मागोमाग नवी माणसं सरसर आत ओढली जातात.”

“हेच ओव्हरलॅप,” वर्षाली म्हणाली. “इंजिन जोरात फिरत असलं की बाहेर पळणारा धूर नव्या हवेला आत ओढून घेतो. म्हणून शर्यतीच्या गाडीत दारं जास्त वेळ उघडी ठेवतात. आता सांगा, एखाद्या मंद दिवशी, कुणालाच कसली घाई नसताना, दोन्ही दारं तासभर उघडी ठेवली तर?”

गणराजचा चेहरा बदलला. त्याच्या डोळ्यांपुढं बारा वर्षांतली सगळी कामचुकार मंडळी येऊन उभी राहिली. “नाही ठेवायची! पोरं या दारानं येतात, पंच मारतात आणि त्या दारानं पसार होतात. आणि सुटलेले असतात ना, ते चहाला म्हणून परत आत शिरतात. कोण कामावर आहे, कोण घरी गेलंय, काही पत्ता लागत नाही. लाइन बंद पडते.”

बोलता बोलता तो थांबला. त्यानं गाडीकडे पाहिलं, मग वर्षालीकडे, मग पुन्हा गाडीकडे.

“म्हणजे,” तो खोल आवाजात म्हणाला, “माझं पेट्रोल पंच मारून पळून जातंय?”

“आणि धूर चहाला परत येतोय. म्हणून हळू चालवली की बंद पडते. शर्यतीत हाच कॅम सोन्यासारखा. वरातीत याचा काय उपयोग?”

गणराजनं कपाळावर हात मारला. तीन महिने, एक अख्खं रजिस्टर, आणि अर्थ त्याच्याच गेटवर शिट्टी वाजवत उभा होता.

आता त्याला पुढचा प्रश्न सुचला. उशिरा सुचला, पण सुचला. “वर्षा, तुला हे सगळं कसं माहीत?”

वर्षालीनं हातातला कॅम त्याच्यासमोर धरला. “मी काय काम करते?”

“ग्राइंडिंग.”

“कशाचं?”

जवळचा आचारी हंडा घासायचा थांबला.

“याचं,” ती म्हणाली. “दिवसाला तीनशे. आठ वर्षं झाली.” तिनं कॅमच्या टोकावरचा बारीक ठिपका दाखवला. “ही आमच्या लाइनची खूण. तुमच्या गाडीतला हा मी केलेला असेल, नाही तर सरूबाईंनी.” मग अंड्याच्या टोकासारख्या उंचवट्यावरून अंगठा फिरवून म्हणाली, “मीच केलाय. सरूबाईंचा हात जरा जड आहे.”

गणराजला तिची नखं आठवली. ती रोज संध्याकाळी हात धुताना नखांतलं काळं काढत बसायची, आणि तो म्हणायचा, जरा चांगला साबण वापर. त्याला स्वतःची लाज वाटली, साधी सरळ लाज वाटली, आणि त्यानं तसं सांगितलं. “चुकलो वर्षा.” ती म्हणाली, “पाना द्या. बारा नंबरचा.”

पुढचे दोन तास गणराज पाने देत होता. सयाजीनं झाकण खोललं, पण साखळीवरची खूण वर्षालीनं जुळवली, आणि व्हॉल्व्हच्या वरची फट तिनं पातळ पत्ती घालून अशी मोजली जशी बाकीच्या बायका चिमटीनं मीठ मोजतात. हात पुसायला आहेरात आलेला कोरा टॉवेल घेतला. पाच वाजता सयाजीनं किक मारली. टुकटुक टुकटुक. दळणाची चक्की. इतका गोड आवाज गणराजनं कधी ऐकला नव्हता, म्हणजे बरीच वर्षं ऐकला होता, पण नवा कॅम बसवल्यापासून ऐकला नव्हता.

सहाला वरात निघाली. ज्ञानेश पुढं, स्नेहल मागं. गाडी अशी चालली की नाचणाऱ्या पोरांच्या पायांत येत नव्हती आणि मागंही पडत नव्हती. बँड थांबला की थांबायची, टुकटुक करत उभी राहायची, बँड सुरू झाला की निघायची. खुर्च्यांचा टेंपो रिकामाच मागून येत होता. पुनावळ्यातल्या बायका गॅलरीत उभ्या राहून म्हणाल्या, घोडा पण इतका समजूतदार नसतो. ज्ञानेशला हे फारच पटलं.

घरासमोर वरात थांबली. दारात वर्षाली ओवाळायचं ताट घेऊन उभी होती, नखांत काळं तसंच. उद्धवराव आतून मानाचा फेटा घेऊन आले, गुलाबी, जरीचा. सगळं गाव बघत होतं. त्यांनी घसा खाकरला.

“आज गाडीनं नाव राखलं. या,” ते म्हणाले, “या जावईबापू.”

नऊ वर्षं! मान पुढं करायची, फेटा बांधून घ्यायचा, एवढंच करायचं होतं. गणराजनं मान पुढं केलीसुद्धा. मग ती तशीच अर्ध्यात थांबली.

“मामा, गाडी मी नाही नीट केली. वर्षालीनं केली.”

“वर्षीनं?” उद्धवराव हसले. “तिला काय कळतंय त्यातलं? ती कंपनीत पॅकिंगला हाय.”

गणराजचा संयम सुटला. “पॅकिंगला? अहो, पॅकिंग सोडून आठ वर्षं झाली तिला! कॅम करते ती, कॅम! दिवसाला तीनशे! मामा, कमाल आहे तुमची. पोटची पोर काय काम करते ते माहीत नाही? कधी विचारलंत तिला? माणसानं घरातल्या माणसाची एवढी साधी चौकशी करू नये?” त्याचा आवाज असा चढला होता की बँडवाल्यानं झांजा खाली ठेवल्या.

वर्षालीनं त्याची बाही ओढली. “अहो, हळू,” ती पुटपुटली. “तुम्हाला कळून पाच तासच झालेत.”

उद्धवरावांनी लेकीच्या हातातलं ताट बघितलं, मग ताट धरलेली बोटं बघितली, आणि त्यांचे डोळे भरून आले. हातातला फेटा त्यांनी सावरून धरला.

“गेटवाले,” ते म्हणाले, “जरा बाजूला व्हा.”

गणराज बाजूला झाला. बारा वर्षांच्या सवयीनं त्यानं दोन्ही हात पसरून गर्दी मागं सारली, आणि फेटा घेऊन लेकीकडे निघालेल्या सासऱ्यांना वाट करून दिली.